मिनकीचं पचखाण

मंचरच्या पेठेतल्या आडावर सकाळी उगमबाई पाणी काढायला उभ्या राहिल्या, की बाकीच्या बायका आपापल्या कळशा खाली ठेवून गप्पा मारायला लागायच्या. आता घाई करून उपयोग नाही, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. उगमबाई पोहरा वर घेणार, कळशीच्या तोंडावर दुहेरी फडकं ताणून पाणी गाळणार, आणि मग ते फडकं गाळलेल्याच पाण्यानं एका लहान तांब्यात हळूच धुऊन घेणार. फडक्यात अडकलेले, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे जीव तांब्यात उतरले, की त्याला दोर बांधून तो थेट पाण्याला टेकेपर्यंत आडात सोडणार. वरून ओतायचं नाही. एवढ्या उंचावरून पडले तर लागेल त्यांना. बायका म्हणायच्या, आमच्या पोरी सासरी पायी जातात आणि उगमबाईंचे किडे पालखीतून माहेरी जातात.

उगमबाई हसायच्या, पण तांब्या तेवढ्याच सावकाशीनं वर घ्यायच्या.

मारवाडातल्या एका वाळूच्या गावाहून त्या अकराव्या वर्षी लग्न होऊन इथे आल्या. त्यांच्या घरी भुसार मालाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे वखार, त्यामागे राहतं घर आणि परसात एक चिंच. आल्या तेव्हा मराठीतला एक शब्द येत नव्हता. तीस वर्षांनी माहेरचा भाऊ भेटायला आला, तर मारवाडी शब्द आठवायला त्यांना मधेच थांबावं लागलं. जुने शब्द चार-दोन उरले होते, त्यातलाच एक 'मिनकी'. माहेरी मांजराला मिनकी म्हणत.

ही मिनकी आली ती प्लेगच्या दुसऱ्या की तिसऱ्या फेऱ्यात, एकोणीसशे दोनच्या सुमाराला. पेठेत उंदीर पडायला लागले तसं सगळं गाव घरांना कुलपं घालून माळावर झोपड्यांत राहायला गेलं. अडीच महिन्यांनी परत आल्यावर शेटजींनी वखारीचं कुलूप काढलं, तर बाजरीच्या थप्पीवर एक करडं, कानाला तीट लावल्यासारखा काळा ठिपका असलेलं पिल्लू बसलेलं. आत कसं आलं, अडीच महिने काय खाऊन राहिलं, कुणी सांगावं. शेटजी म्हणजे उगमबाईंचे यजमान, फतेचंदजी. त्यांनी आधी पोती पाहिली. एकाही पोत्याला भोक नव्हतं.

आता या घराची अडचण अशी, की उंदीर मारायचा नाही, पिंजरा लावायचा नाही, औषध घालायचं नाही. वर्षाला चार-पाच पोती उंदरांच्या नावानं सोडून द्यायची. आणि मांजर पाळायची तर तेही दोषाचंच. श्रावकानं, म्हणजे जैन गृहस्थानं, करू नयेत असे जे पंधरा धंदे सांगितलेत, त्यांतला अगदी शेवटचा म्हणजे शिकारी जनावरं पोसणं. उगमबाई रोज सकाळ-संध्याकाळ प्रतिक्रमणाला बसून दिवसभरातले दोष आठवायच्या, तेव्हा ही यादी त्यांच्या तोंडून जायची. त्यांनी पिल्लाकडे पाहिलं आणि बाहेर सोडून या म्हणाल्या.

फतेचंदजी धर्म पाळणारे, पण व्यापारी माणूस. ते म्हणाले, "आपण कुठे आणली? ती आली. आपण पाळायची नाही. आली-गेली तर आपण अडवणारे कोण?"

असं हे ठरलं. मिनकी घरात राहिली, पण घराची झाली नाही. पेठेतलं कुणी विचारलं, उगमबाई, मांजर केव्हा आणलीत, की उगमबाई म्हणायच्या, आमची नव्हे हो, येते-जाते. स्थानकात, म्हणजे साध्वींच्या मुक्कामाच्या जागी, महासतीजींच्या कानावर जाऊ नये म्हणून तर हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं, की पुढे ते आपोआप यायला लागलं.

मग दुधाचं काय? पाळायची नाही म्हणजे घालायचंही नाही. परसात चिंचेखाली जुन्या जात्याची एक फुटकी, झिजून खोलगट झालेली तळी पडली होती. सकाळी दूध तापवायला नेताना उगमबाईंच्या हातून त्या तळीवर थोडंसं दूध सांडायचं. रोज सांडायचं. वखारीत धान्य निवडायला, पाखडायला ठमाबाई यायची. वेशीजवळच्या कुणबी वस्तीतली, उगमबाईंच्याच वयाची. तिच्या नवऱ्याच्या, धर्माजीच्या, बैलगाडीतून दुकानाचा माल बाजारोबाजार जायचा. ठमाबाईनं पंधरा दिवस पाहिलं आणि एके दिवशी सूप खाली ठेवून विचारलं, "शेटाणीबाई, रोज त्याच दगडावर कसं वो सांडतं तुमचं दूध?"

"हात थरथरतो हल्ली."

"दूध नेतानाच थरथरतो. तेलाचा बुधला न्हेताना थरथरला न्हाई कंदी," ठमाबाई म्हणाली, आणि तेव्हापासून मांजरीला मिनकाबाई म्हणायला लागली, शेटाणीची धाकटी जाऊ असल्यासारखं.

उगमबाईंनी मिनकीला आपल्या परीनं वळण लावायला पाहिलं. अष्टमीला आणि चौदसीला, त्या दिवशी तरी तिच्या हातून जीव जाऊ नये म्हणून, त्या तिला माजघरात कोंडून ठेवायच्या. मिनकी दार उघडलं की अंग ताणून, उगमबाईंकडे न पाहता, सरळ वखारीत निघून जायची. पण सकाळी उगमबाई सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसल्या, की ती येऊन आसनाच्या कडेला बसायची. शेजारी वाळूची काचेची घडी असायची. वरच्या भांड्यातली वाळू खाली उतरेपर्यंत, म्हणजे पाऊण तासाला थोडं जास्त, उठायचं नाही. मिनकी त्या वाळूकडे टक लावून पाहत राहायची. वाळू संपली की तीच आधी उठायची. उगमबाईंचा मुलगा पुनमचंद म्हणायचा, आईपेक्षा मांजरीचीच सामायिकं जास्त झाली असतील. सून सज्जनबाई तोंडाला पदर लावून हसायची.

पुढे फतेचंदजी गेले.

ते गेले तेही घरी नाही. बेल्ह्याच्या बाजाराला माल घेऊन धर्माजीच्या गाडीतून गेले होते. बैलांच्या बाजारातून दिवसभर ये-जा केली, आणि परत निघायच्या वेळी छातीत कळ आली म्हणून एका लिंबाखाली बसले ते उठलेच नाहीत. धर्माजीनं त्यांना गाडीत घालून आणलं. वखारीच्या दाराशी गाडी थांबली. उगमबाईंनी एवढंच विचारलं, की शेवटी कानात नवकार मंत्र कुणी म्हटला का. धर्माजीनं मान हलवली. त्याला तो येत नव्हता, आजूबाजूच्या कुणालाच येत नव्हता. मग तो म्हणाला, "मी पानी पाजलं वो तोंडात. जेवढं सुचलं तेवढं केलं."

केव्हा, उगमबाईंनी विचारलं. दिवस बुडाल्यावर, धर्माजी म्हणाला.

फतेचंदजींनी बावीस वर्षं चौविहार पाळला होता. सूर्य मावळला की अन्न नाही, फळ नाही, पाण्याचा थेंबही नाही. तापानं फणफणले होते तेव्हाही सकाळपर्यंत कोरड्या तोंडानं पडून राहिले होते. आणि बावीस वर्षांचं ते व्रत अगदी शेवटच्या घटकेला, एका न कळत्या माणसानं तोंडात पाणी ओतून मोडलं होतं. उगमबाई धर्माजीला एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्यानंतर दुकानाचा माल दुसऱ्या गाडीतून जायला लागला. ठमाबाई कामाला येत राहिली, तिच्याशी बोलणंही तसंच राहिलं, पण धर्माजीचं नाव निघालं की उगमबाई सुपातले खडे वेचायला लागायच्या.

दर वर्षी भाद्रपदात संवत्सरीला सगळ्या जीवांची क्षमा मागायची असते. उगमबाई हात जोडून चौऱ्याऐंशी लक्ष योनींतल्या जीवांना खमवायच्या, दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन खमतखामणा करायच्या. सहा वर्षांत वेशीजवळच्या एका घरापर्यंत तेवढे त्यांचे पाय गेले नाहीत.

मिनकी चौदा वर्षांची झाली तेव्हा तिचा एक डोळा दुधाळला होता. उंदीर तिच्या समोरून जायचे. ती कान हलवायची, बस. वखारीतून ती कायमची माजघरात आली, आणि पुनमचंदनं एकदा म्हटलंच, की आता ही काही कामाची राहिली नाही. उगमबाई म्हणाल्या, आता निदान शिकार तरी सुटली तिची. म्हातारपण आलं ते बरंच झालं. हे त्या मनापासून म्हणाल्या. मिनकीच्या पुढच्या जन्माची काळजी त्यांना खरोखरच होती. हजारो उंदरांचं पाप घेऊन हा जीव कुठे जाणार, हा विचार त्यांना रात्रंदिवस सोडत नव्हता.

त्या श्रावणात मिनकीनं खाणं सोडलं. पहिल्या दिवशी दूध हुंगून बाजूला झाली. दुसऱ्या दिवशी हुंगलंही नाही. तिसऱ्या दिवशी ती परसातल्या पडवीत गोणपाटावर कुशीवर पडून राहिली. श्वास घेताना पोट खालीवर होई आणि नाकपुडीतून बारीक आवाज येई. उगमबाईंना त्यात दुसरंच काही दिसलं. व्याख्यानात त्यांनी एका विषारी नागाची गोष्ट ऐकली होती. भगवंतांच्या बोलण्यानं तो शांत झाला, वारुळात तोंड घालून अन्नपाण्याविना पडून राहिला आणि सद्गतीला गेला. जनावरालाही कळतं. मिनकीनं अन्न सोडलं ते उगीच नाही. इतकी वर्षं आसनाशेजारी बसून ऐकलं, ते वाया कसं जाईल?

आणि आत खोल कुठेतरी बेल्ह्याचा तो लिंब होता. या छपराखाली पुन्हा कुणी नवकाराशिवाय जाणार नाही, कुणाचं व्रत शेवटच्या घटकेला मोडणार नाही, असं उगमबाईंनी कधीच ठरवून टाकलं होतं.

स्थानकात चातुर्मासासाठी महासतीजी आलेल्या होत्या. चार पावलांवर स्थानक. जाऊन विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे आधी सांगायला हवं, की माझ्या घरी मांजर आहे. उगमबाई गेल्या नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी दिवस चांगला वर आल्यावर त्या स्वच्छ धुतलेलं वस्त्र नेसून पडवीत बसल्या. मिनकीच्या कानाशी वाकून त्यांनी नवकार म्हटला, मांगलिक म्हटलं, तिच्या वतीनं सगळ्या जीवांची, विशेषतः उंदरांची, क्षमा मागितली. मग पचखाण, म्हणजे त्यागाची प्रतिज्ञा, दिलं. अन्नाचं, पाण्याचं, सगळ्याचं. चौविहार, जिवात जीव असेपर्यंत. मिनकीनं एकदा डोळा उघडून पाहिलं. उगमबाईंना वाटलं, हो म्हणाली.

ठमाबाई आतबाहेर करत होती. मोठ्या घरचा धर्म आहे, आपल्याला काय कळतंय, असं तिला वाटलं असावं.

दुपारच्या सुमाराला मिनकी हलली. दोन दिवस जी मानही उचलत नव्हती ती पुढच्या पायांवर रेटा देऊन उठली, पडली, पुन्हा उठली. मागचे पाय ओढत ती पडवीच्या पायरीवरून खाली उतरली. उतरली म्हणजे घसरलीच. आणि चिंचेकडे निघाली. दहा हातांचं अंतर. मधे दोनदा थांबली. कुठे चाललीय, ते उगमबाईंना लगेच कळलं. जात्याच्या तळीत रात्रीच्या पावसाचं पाणी साठलेलं होतं.

उगमबाई उठल्या. मिनकीच्या आधी त्या तिथे पोचल्या. त्यांनी तळी कलती करून पाणी ओतून टाकलं आणि कडेकडेचं ओढणीच्या पदरानं पुसून घेतलं.

"शेटाणीबाई," ठमाबाई दारातून म्हणाली, "पानी मागतीया ती."

"तिला पचखाण दिलंय ठमे. आता मोडलं तर सगळंच गेलं."

"अवो, जाताना तोंडात पानी घालत्यात. वैऱ्याच्याबी घालत्यात."

"तुमच्यात घालतात."

ठमाबाई आत जाऊन तांब्या घेऊन आली. उगमबाई तळीपुढे उभ्या राहिल्या. त्यांनी हात वगैरे काही आडवा केला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. ठमाबाई क्षणभर तांब्या घेऊन थांबली. घर तिचं नव्हतं, मांजर तिची नव्हती.

तेवढ्यात मिनकी उगमबाईंच्या पायाशी येऊन पोचली होती. तिनं तळीवर मान टाकली आणि दगड चाटायला लागली. कोरड्या दगडावर तिची खरखरीत जीभ घासल्याचा आवाज येत होता. सात-आठ वेळा तो आला, मधे थांबून थांबून. उगमबाई मोठ्यानं नवकार म्हणत होत्या. इतका मोठा आवाज त्यांनी नवकारात कधी लावला नव्हता. त्यांचा पाचव्यांदा पुरा होईपर्यंत दगडावरचा आवाज बंद झाला होता.

ठमाबाईनं तांब्यातलं पाणी चिंचेच्या बुंध्याशी ओतलं, तांब्या पालथा घालून ठेवला आणि अर्धं धान्य निवडायचं टाकून घरी निघून गेली.

मिनकीला नदीकडे टाकून यायला पुनमचंदनं हमालाला, गेणूला, सांगितलं होतं. उगमबाईंनी ते मोडून काढलं. चिंचेपलीकडे चुन्यासाठी खणलेला जुना खड्डा होता, त्यात आपल्या एका जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवायला लावली. गेणूनं माती लोटली. सज्जनबाईनं सासूच्या चेहऱ्याकडे पाहून म्हटलं, "चांगलं मरण आलं सासूजी. असं माणसालाही येत नाही." उगमबाईंनी मान हलवली.

पण तो आवाज काही गेला नाही. सकाळी आडावर दोर चाकावरून घासला की त्या थांबायच्या. पाणी गाळून झालं, जीव परत सोडून झाले, आणि एके दिवशी तांब्या पाण्याला टेकवून त्या तशाच उभ्या राहिल्या, दोर हातात धरून. मागच्या बाईनं दोनदा विचारलं, काय झालं. एवढ्याएवढ्या किड्यांना त्या पाण्याशी पोचवून येत होत्या.

आणि ठमाबाई येईना. आठ दिवस, दहा दिवस. निरोप धाडला तर अंगात कसर आहे म्हणाली.

एक गोष्ट उगमबाईंना रात्री पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा आठवायची. त्यांना तिविहारही देता आला असता. तिविहारात अन्न सुटतं, पाणी मोकळं राहतं. आजारी, थकलेल्या माणसांना तिविहारच देतात. हे त्यांना त्या दिवशीही माहीत होतं. त्यांनी चौविहार दिला, कारण फतेचंदजींचा चौविहार मोडला होता. एकाचं राहून गेलेलं त्यांनी दुसरीकडून पुरं करून घेतलं.

पजुसणाच्या, म्हणजे पर्युषणाच्या, आधी एका दुपारी त्या स्थानकात गेल्या. महासतीजी म्हाताऱ्या होत्या, पायी चालून चालून पावलं भेगाळलेली. उगमबाईंनी तीनदा वंदन केलं, समोर बसल्या आणि सांगायला लागल्या. एक मांजर होती, चार दिवस अन्नावर नव्हती, तिला पचखाण दिलं, मग तिनं पाणी मागितलं. महासतीजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मांजर कुणाची?"

"आमची नव्हे, येते-जा—" उगमबाईंच्या तोंडून निघालं, आणि त्या थांबल्या.

महासतीजी वाट पाहत राहिल्या.

"माझी," उगमबाई म्हणाल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

महासतीजी त्यांना रागे भरल्या नाहीत, त्यांनी धीरही दिला नाही. म्हणाल्या, कानात नवकार म्हटला ते चांगलं केलंस. पण पचखाण ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. उगमबाई म्हणाल्या, मला वाटलं तिनं घेतलं. तिनं डोळा उघडला होता. महासतीजी म्हणाल्या, "घेतलं असतं तर पाण्याकडे कशाला गेली असती, बाई?"

उगमबाईंनी प्रायश्चित्त मागितलं. त्यांच्या मनात अठ्ठाई होती, आठ दिवसांचे उपवास. त्या तयार होऊनच आल्या होत्या. महासतीजींनी एकच उपवास दिला. वर म्हणाल्या, उपवास तुला सोपे जातात. संवत्सरीला ज्याला खमवायचं टाळतेस, त्याच्याकडे जा.

महासतीजींना मिनकी म्हणायचं होतं की आणखी कुणी, हे उगमबाईंनी विचारलं नाही.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उपवास सोडल्यावर त्या पेठेतली घरं करून झाल्यावर वेशीकडे वळल्या. सज्जनबाई बरोबर येत होती, तिला परत पाठवलं. धर्माजी अंगणात बसून बैलाच्या गळ्यातला कंडा वळत होता. शेटाणी दारात पाहून तो उठायला गेला तर त्याचा गुडघा धरला. सहा वर्षांत तो बराच म्हातारा झाला होता. ठमाबाई आतून आली, पण उंबऱ्यातच थांबली.

उगमबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, "धर्माजी, खमतखामणा. सहा वर्षं मी मनात धरून बसले. माझं चुकलं ते पदरात घ्या."

धर्माजी गोंधळला. शेटाणीनं आपल्यापुढे हात जोडावेत हे त्याला सोसवेना. बसा, बसा म्हणत त्यानं घोंगडी झटकली. उगमबाई बसल्या. म्हणाल्या, तुम्ही पाणी घातलंत ते चांगल्या मनानं घातलंत. आमचा नेम तुम्हांला काय माहीत.

"माहीत व्हता की," धर्माजी म्हणाला.

उगमबाईंनी वर पाहिलं.

धर्माजीनं कंडा खाली ठेवला. बराच वेळ तो बोटांना लागलेले सुताचे धागे काढत राहिला. ठमाबाई उंबऱ्यातून म्हणाली, "सांगा आता. किती दिस गिळून बसनार."

"शेटजीनी मागितलं वो," धर्माजी म्हणाला. "बारा वरसं गाडी हाकली त्यांची, दिस बुडाल्यावर कंदी घोट घेताना पाह्यलं न्हाई मी. म्हनून म्या म्हनलोबी, शेटजी, दिस मावाळलाय. तर म्हनले, धर्मा, दे. लई कोरड पडलीया. दिलं. तीन घोट घेतले. मग म्हनले, घरी सांगू नगंस, तिच्या मनाला लागंल."

"आणि तुम्ही म्हणालात, मी पाजलं."

"मग दुसरं काय म्हनू? तुमी नवकाराचं इचारलं, तोंडाला आलं ते बोलून गेलो. माझं काय जातंय त्यात. आमाला पानी पाजल्याचं पाप न्हाई लागत."

अंगणात कोंबड्या मातीत चोची मारत होत्या. उगमबाईंनी विचारलं, पाणी प्यायल्यावर काय झालं.

"काय न्हाई. लिंबाला टेकून बसले. पानी पिल्यावर व्हट हालाय लागले त्यांचे. कायतरी म्हनत व्हते. तुमचंच कायतरी आसंल, मला कळलं न्हाई. पन म्हनत व्हते. आधी आवाजच फुटत नव्हता, घशाला ओल लागली तवा म्हनाया लागले."

ओढणीचं टोक उगमबाईंनी हातात धरलं होतं. त्याच पदरानं दगड पुसला होता. फतेचंदजींची बावीस वर्षं, त्यांचा तो कोरडा ताप, आणि शेवटी तीन घोट. ज्यानं स्वतःचं व्रत स्वतः घेतलं होतं, कळून घेतलं होतं, त्यालाही शेवटी तहान लागली होती. आणि ज्यानं ती भागवली त्याची गाडी त्यांनी बंद केली होती.

निघताना त्या ठमाबाईपुढे उभ्या राहिल्या. ठमाबाईला त्या दर वर्षी खमवत, धान्य निवडता निवडता, हसत. या वेळी तसं हसून भागणार नव्हतं.

"ठमे, तू तांब्या आणला होतास."

"व्हय."

"मला बाजूला का नाही ढकललंस?"

"त्येच घोळतंय डोक्यात," ठमाबाई म्हणाली. "म्हनून तर आले न्हाई मी."

म्हणजे इतके दिवस ठमाबाई आपल्यावर रागावून बसलीय असं उगमबाई समजत होत्या, आणि ती स्वतःवरच रागावून बसली होती. दोघी तशाच उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मग ठमाबाई म्हणाली, उद्यापासून येते, वखारीतल्या मटकीला कीड लागली असंल एव्हाना.

घरी येऊन उगमबाई परसात गेल्या. ऊन चढलं होतं. चिंचेपलीकडच्या मातीवर गवताची हिरवी पातं वर आली होती. तिथे उभं राहून त्यांनी हात जोडले, 'मिच्छामि दुक्कडं' म्हणाल्या, माझ्या हातून झालं ते फोल होवो. हे शब्द आयुष्यभरात हजारो वेळा त्यांच्या तोंडून गेले होते. समोरून कुणीतरी नेहमी तेच म्हणायचं. या वेळी त्या म्हणून थांबल्या, आणि मग थोडा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या, सवयीनं.

मग त्या आत गेल्या आणि गाळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तळी जागेवर सरळ केली, हातानं घासून धुतली आणि काठोकाठ भरली.

सज्जनबाई पडवीत डाळ वाळत घालत होती. ती म्हणाली, "सांडलं का सासूजी?"

"नाही," उगमबाई म्हणाल्या. "मिनकीसाठी ठेवलं."

दिवस मावळेपर्यंत उगमबाई दोन-तीनदा परसाच्या दाराशी येऊन गेल्या. पाणी तसंच होतं.